आधी फ्रेंच म्हातारा

४ जानेवारी, सकाळ
सॉफ्ट पेस्टल खडूंचा सेट आला. संकल्प : वडिलांचं, अण्णांचं पोर्ट्रेट. त्यांचा काचबिंदू वाढलाय, उन्हाळ्यापर्यंत नजर जाईल असं डॉक्टर म्हणतात. जळकोटहून अण्णांचा फोन. मला दिसून राहिलंय तवर माझं चित्र मला दाखीव, म्हणाले. पाटबंधारे खात्यात मी उभा जन्म कालव्यांचे नकाशे काढले. एका माणसाचं तोंड काढायला कितीसा वेळ लागणार?

९ जानेवारी
ऑनलाइन क्लासच्या मॅडम म्हणतात, आधी एखाद्या जुन्या उस्तादाची कॉपी करा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्रातला एक फ्रेंच म्हातारा निवडला. पांढरा विग, गळ्याशी लेस. या रविवारी हा, पुढच्या रविवारी अण्णा.

१८ जानेवारी
नाक चुकलं. कागद हलका होता. भारीतला मागवला. नाक कागदाचं नाही, तुमचं चुकलंय, असं तनुजा म्हणाली. बायकोला कलेतलं सांगण्यात अर्थ नाही.

२ फेब्रुवारी
नाक जमलं. डोळे दोन दिशांना. नांदेडचा उजेडच वाईट. अण्णांचा फोन येऊन गेला, उचलला नाही. लय तुटते.

१४ फेब्रुवारी
बसवंतचा फोन. अण्णा बांधावरून घसरले, फार लागलं नाही. दादा, एकदा या की, समोर बसून काढा, बघून जमंल तसं, म्हणाला. धाकटा भाऊ शेतीतला, त्याला पाया कच्चा असणं म्हणजे काय ते कसं समजावू? दिवसभर हात चालला नाही.

१ मार्च
शेजारचे नरसिंग सर आले. चित्र बघून चपला काढल्या, हात जोडले, वडील का म्हणून विचारलं. म्हणजे भाव उतरलाय!

१९ मार्च
तनुजा चिडली. त्या परक्या म्हाताऱ्याची सुरकुती न् सुरकुती तुम्हाला पाठ आहे, अण्णांच्या कपाळावर काय आहे ते सांगा, म्हणाली. गंध, म्हणालो. ती उठून गेली. खूण आहे, जुनी, बैलाचं शिंग लागल्याची. संध्याकाळी आठवलं. डावीकडे की उजवीकडे, ते मात्र नाही.

६ एप्रिल
पक्कं ठरलं. उद्यापासून अण्णा. फक्त लेस राहिलीय.

२७ एप्रिल
बसवंतचा फोन. अण्णांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. अण्णांचा कागद अजून कोराच. रिकाम्या हाताने कसं जायचं? फ्रेंच म्हातारा पुठ्ठ्यावर चिकटवून घेतला. निदान मेहनत तरी दिसेल.

२८ एप्रिल, जळकोट
अण्णा बाजेवर बसलेले. मला आवाजावरून ओळखलं. आणलास का, म्हणाले. हाव, म्हणालो. चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. पटका काढलास का? काढला, म्हणालो. मिशा? काढल्या, म्हणालो.

मग त्यांनी तळहात चित्रावर ठेवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला, पुन्हा फिरवला. लहानपणी मला ताप आला की माझ्या तोंडावरून फिरवायचे, तसा. पेस्टलला हात लावायचा नसतो, रंग कागदावर नुसता टेकलेला असतो. मी अडवलं नाही. नाक गेलं, डोळे गेले, विग गेला. लई चांगलं काढलास बग, माझंच तोंड हाय, असं म्हणाले आणि हसले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसवंत शेजारीच उभा होता, त्याने सगळं बघितलं होतं. ओलं फडकं आणून त्याने अण्णांचे हात पुसले.