अत्तर म्हणून पॉयझन

मखमलाबाद, नाशिक
दि. १४ डिसेंबर २०२४, दत्तजयंती

चि. छाया,

तुला आणि माझ्या तृप्तीला पोटभर आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत, माझे गुडघे सोडून, आणि ते काही आता सुधारायचे नाहीत, तेव्हा त्यांची चौकशी करू नको. थंडी झकास पडलीय. तुझे आण्णा पहाटे वावरात जाताना दोन बंड्या घालतात न् वरनं आपल्या ज्ञानेशचं ते निळं स्वेटर. गुलछडीला थंडी मानवत नाही, दांडे कमी निघतात, पण निघतात. तृप्तीचा पुढचा दात पडला का गं? पडला तर छपरावर टाकायचा असतो. तुमच्या पुण्याच्या इमारतीला छप्पर कुठलं, गच्चीवर टाक म्हणावं. सासूनं दाताचं सांगायला पत्र लिहिलं म्हणून हसशील. हस.

चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरतं मला. फोन केला असता, पण ललिता स्पीकर लावून देते न् सगळं घर कान टवकारून बसतं. तुझी जाऊ वाईट नाही, पण तिचे कान मोठे. पाकिटावर पत्ता अमोल घालून देणार आहे, मात्र पाकीट चिकटवल्यावर.

तर ती बाटली. तू फोनवर म्हणालीस, "आई, माझ्यामुळं तुमची शोभा झाली, फेकून द्या ती." आणि ठेवून दिलास. मी काही फेकली नाही. आधी नीट काय झालं ते ऐक, कारण ललितानं तुला सांगितलं असेल ते निम्मं, आणि तेही कपाळाला बाम चोळत.

अमोलची सुपारी फोडायला नामपूरहून पाव्हणे आले. जीपभर माणसं, त्यात नवरीमुलगी न् तिची आजी, माझ्याच वयाची, तोंडानं फटाकडी. टिळे झाले, टोप्या-उपरणी झाली, सुपारी फुटली. आता अत्तर लावायचं न् गुलाबपाणी शिंपडायचं. गुलाबदाणी भरलेली होती, पण अत्तराची कुपी उघडते तर आत कापसाचा सुका बोळा. यादव डोळे वटारायला लागला. तुझा भाया, माझा थोरला, म्हणजे माहीत आहे ना, पाव्हण्यांपुढं काही उणं दिसलं की त्याच्या मिशा थरथरतात. मी म्हणलं थांब, आणि तुझ्या खोलीतल्या फडताळापाशी गेले. दिवाळीला आलीस तेव्हा तिथं एक बाटली राहिलेली मी पाहिली होती. वांग्याच्या रंगाची, सफरचंदासारखी गोल, हातात घेतली की जड. हुंगली. म्हणलं, हे तर अत्तराचं थोरलं भावंड!

मग काय, ताट घेऊन निघाले पंगतीतनं. एकेकाचा हात पुढं, मनगटाच्या वर बटण दाबायचं, फुस्स. आधी पाव्हणे, मग आपले, मग भटजी. भटजींनी हात नाकाशी नेला न् मंत्र म्हणताना अडखळले. खोलीत असा काही घमघमाट सुटला की बाहेर ओट्यावर बसलेली मांजर उठून गेली.

तेवढ्यात अमोलनं ताटातली बाटली उचलली. इंग्रजी अक्षरं वाचली आणि पोरगं पांढरं पडलं. ओरडला, "आजी! पॉयझन लिहिलंय यावर! विष आहे विष!"

आता आपलं घर शेतकऱ्याचं. फवारणीची औषधं पडवीत कुलपात असतात, लहानपणापासून पोरांकडनं तेवढं एक इंग्रजी अक्षर आपण पाठ करून घेतो, की हे दिसलं तर हात लावायचा नाही. एकच गलका झाला. "हात धुवा, हात धुवा!" कुणी साबण, कुणी लिंबू, कुणी माती. नवरदेवाच्या बापानं, म्हणजे यादवनं, रॉकेल मागितलं. मोरीपाशी ही गर्दी! आणि वास? धुवावा तसा फुलतोय. भटजी बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसले. मी आपली भिंतीला टेकून देवाला म्हणतेय, एवढ्या लोकांना मीच माझ्या हातानं...

नवरीमुलगीच हसत हसत पुढं आली. म्हणाली, "आजी, घाबरू नका, हा सेंट आहे. नावच तसं आहे त्याचं. आमच्या कॉलेजच्या मॅडम लावायच्या, त्या जिन्यानं गेल्या की आम्हाला खाली कळायचं." एवढं बोलून तिनं स्वतःच्या हातावर आणखी एकदा फुस्स केलं. पोरगी चांगली आहे छाया. अमोलला सांभाळील.

आणि तिची आजी! ती एकटी मोरीकडं गेलीच नव्हती. पदराआड हात हुंगत बसलेली. मला जवळ बोलावून कानात म्हणते, "इहीनबाई, वास भलता भारी शे!"

त्या दिवसापासून आपल्या गल्लीला दुसरा विषय नाही. एवढीशी बाटली, पण जितकी नाकं तितकी मतं. ललिता म्हणते डोकं उठतं, आणि तिच्या येवल्याच्या पैठणीतनं तो वास जाता जात नाही. पैठणी दोरीवर उन्हात घातलीय, आता दोरीलाही वास येतो. यादव म्हणतो, "यापरीस फवारणीचं औषध बरं, ते वाऱ्यानं जातं तरी." भटजी म्हणाले वास वाईट नाही, पण देवापुढं चालायचा नाही, देव विचलित होईल. अमोल हल्ली बाहेर जाताना बाटली शोधतो, मी लपवून ठेवते.

आणि मी? तुला खरं सांगते, हसू नको. दुपारी सगळी निजली की मी पदराच्या टोकाला एक फुस्स करते आणि ओट्यावर कलंडते. डोळे मिटायचे. आधी येतात पिकलेली जांभळं, बोटं निळी होतील अशी. मग कुणीतरी चुलीवर धणे भाजतंय. मग मध. मग मी कुठंतरी चाललेली असते गं. कुठं ते कळत नाही. पायात वहाण नाही, गुडघे दुखत नाहीत, रस्त्याला धूळ नाही, दोन्ही अंगाला पांढरं पांढरं काही डुलतंय न् मला कुणी हाक मारत नाही. आयुष्यात कधी मला कुणी हाक मारली नाही असं झालंय का? आणि शेवटी, सगळ्याच्या तळाला, ओळखीचं काहीतरी येतं, की मी झोपेतच हसते. ललिता म्हणते, "आई, तुम्ही दुपारच्या कुणाशी हसता?" मी म्हणते, देवाशी.

हे झालं माझं मत. आता झुंबरबाईचं सांगते. सांगणार नव्हते, पण तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

ती आली दळणाच्या निमित्तानं. बसली, चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि म्हणाली, "वास बाई चांगल्या घरचा नाय. आणि मी म्हणते, नवरा गेलेल्या बाईला वास लागतो कशाला? कुणासाठी?"

यादव दारातच होता, जसं काही तोही हेच विचारत होता. मला काय झालं ठाऊक नाही. मी म्हणलं, "झुंबरे, नवरा गेला म्हणून नाक पण जातं का? तुझे गेले तेव्हा तुझं नाक कुठं गेलं होतं? आजवर तर सगळ्या गल्लीत खुपसतेस." चहा संपला होता म्हणून बरं, नाहीतर सांडला असता. ती गेली. दळण इथंच राहिलं. नंतर मीच नेऊन दिलं, शेजार आहे.

पण तिचं "कुणासाठी" माझ्या कानात राहिलं. खोटं कशाला बोलू, उत्तर मला माहीत होतं छाया.

तृप्तीवर रागावू नको. मी तिला त्याआधीच, ललिता मोरीवर होती तेव्हा, फोनवर सहज विचारलं होतं की आईची ती बाटली कुठनं आणली, आपण दुसरी घेऊ. ती म्हणाली, "आजी, ती मयूरकाकांनी दिली आईला. तुला सांगायचं नव्हतं." आणि मग एवढुशा आवाजात, "आता मयूरकाका येत नाहीत. आई त्यांना नाही म्हणाली. म्हणाली नाशिकच्या आजीला वाईट वाटेल. तुला वाटेल का गं आजी?"

मी फोन ललिताकडं दिला न् शेळीला पाला घालायला गेले. पाला घातलेला होता. परत घातला.

वाटलं. थोडं वाटलंच. माझा ज्ञानेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्युटी करून घरी येता येता रस्त्यातच राहिला, त्याला कुणी मागं टाकून पुढं जातंय असं वाटलं. आणि त्याहून जास्त हे वाटलं, की आता तृप्ती दुसऱ्या कुणाला आजी म्हणेल. बघ, कशी हावरी आहे मी. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पदर नाकाला लावून पडले, तर त्या पांढऱ्या रस्त्यानं मी एकटी नव्हते. पुढं तू चालली होतीस. पाठमोरी. मी हाक मारणार होते. मग म्हणलं, नको, चालू दे तिला.

आण्णांना सांगायची मात्र छाती होईना. तुला माहीत आहे, पोरगा गेल्यापासून ते झाडांशी बोलतात तेवढंही माणसांशी बोलत नाहीत. मी भाकरी घेऊन वावरात गेले. हे बांधावर बसलेले, न् उजवा हात नाकाशी. सुपारीला मी त्यांच्याही हातावर फुस्स केलं होतं, पण ते केव्हाच उडालं असणार. म्हणलं, काय हुंगताय?

म्हणाले, "तळाला गुलछडी हाय त्यात. आपलीच."

मी भाकरी सोडली. हे तुकडा मोडत बोलले, "छायाची बाटली ना? पोरगी परत वास लावाया लागली. बरं झालं." घास तोंडात घातला न् चावू लागले. मग, "तिचं कुणीतरी पाह्यलं पाहिजे."

"तिनंच पाहिलंय," मी म्हणलं. तोंडातनं निसटलंच. "मयूर नाव आहे. पण आपल्यासाठी नाही म्हणाली त्याला."

हे चावायचे थांबले. मला वाटलं, आता उठून जातील. मी आपली घाईघाईनं पदर सावरत बोलत सुटले, की काही नाही, पूर्वी आपल्यात विधवेचा पाट लावायचेच की, दिवस मावळल्यावर, चार माणसांत, वाजंत्री नको, सवाष्णी नकोत, कुणाला कळायचंही नाही, गपचूप...

छाया, एवढ्या वर्षांत हे माझ्यावर ओरडले नव्हते. ओरडले.

"पाट नाय! लगीन! चोरी केलीय का तिनं? दिवसाउजेडी, मांडव घालून, वाजंत्री लावून! तिला आई नाय, बाप नाय. कन्यादानाला कोण बसंल?" मग आवाज खाली आला. "आपण बसू. मला एक पोरगी पाहिजेच होती."

आणि डोळे पुसले, ज्ञानेशच्या स्वेटरच्या बाहीनं.

यादवला अजून पटलेलं नाही, तुला खोटं सांगणार नाही. तो दोन दिवस जेवताना भिंतीकडं बघतोय. पण आण्णांनी त्याला मांडवाचे बांबू बघायला सांगितलेत, आणि तो काल जाऊन बघून आला. ललिता म्हणाली, "छायाला म्हणावं, माझी पैठणी तूच नेस, तशी वासाची झालीच आहे." असं तिचं मत.

तेव्हा बाई, त्या मयूरला परत बोलाव. काय सांगायचं ते तुझं तू सांग, मला त्यातलं कळत नाही. चहा चांगला कर. अमोलचं लग्न चैत्रात आहे, त्या लग्नाला मयूरलाही घेऊन ये. लोक बघतील. बघू देत. आण्णा त्याला वावर दाखवणार आहेत. त्याला फुलांतलं काही कळत नसलं तरी मान हलवायला सांग, आण्णांना तेवढं पुरतं. तुमची तारीख आपण त्यानंतरची काढू. आणि तृप्तीला सांग, आजीला वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. तिला दोन आज्या झाल्या तरी चालतील, फक्त थोरली मी.

सासूनं सुनेला लिहायचं ते सगळं लिहून झालं. आता या घराला सासर म्हणायचं नाही. रुसायला, दमायला, बाळंतपणाला, कशालाही यायचं, आणि न विचारता यायचं.

तुझ्या माहेराहून,
आई