धोंडाबाईच्या दोन खोल्या

पत्र्याच्या शाळेत कवितेचा तास सुरू झाला की आम्ही चाळीस पोरे एका चालीत ओरडायचो, आणि खिडकीच्या गजाबाहेरून एक बारीक आवाज आमच्या अर्धी ओळ पुढे पळायचा. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, धोंडाबाईचा. तिला दुसरीतून काढून घरकामाला लावले होते. घागर कमरेवर घेऊन ती बाहेर उभी राहायची. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलबाईंनी बजावले आहे. पण हे खोडले तर मला पुढचे लिहवत नाही.

तर मी, मल्लिनाथ गुरुपादप्पा निडवंचे, वय शहात्तर, शाळेतला सेवानिवृत्त लिपिक, राहणार उदगीर, हे कोणाच्या दबावाने नव्हे, स्वतःच्या मनाने लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हृदयाचे ऑपरेशन उद्या लातूरला आहे. मुलगा हनुमंत चार वाजता गाडी घेऊन येईल. त्याच्या आत हा कागद पुरा व्हायला हवा. सकाळपासून तीनदा लिहून फाडला.

१. राहते घर, खोल्या पाच. वडिलांनी आडत बाजारात हमाली करून बांधले. २००३ साली ते काही न लिहिता गेले, तेव्हा निम्मे माझे आणि निम्मे धोंडाबाईचे होते. मी तिला साडी घेतली आणि रजिस्ट्री ऑफिसात नेले.

"अण्णा, काय लिहिलंय यात?"

"नगरपालिकेत नाव लावायचा कागद हाय," मी म्हणालो.

ते हक्कसोड पत्र होते, आणि मसुदा माझ्याच हातचा. तिने एकेक अक्षर आठवत सही केली.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. महिनाभर राहते म्हणून ती निलंग्याहून आली. हनुमंत म्हणाला, "आत्या, तुमचं इथं काही न्हाई. सही करून दिलेली हाय तुम्ही." तिने माझ्याकडे पाहिले. "तो नावाचा कागद होता ना, अण्णा?" मी पेपर वाचत राहिलो. त्याच दुपारच्या एसटीने ती परत गेली, ती पुन्हा आली नाही.

नोंदवलेले हक्कसोड पत्र इतक्या वर्षांनी मोडणे अवघड, असे वकीलबाई म्हणाल्या. पण घर वडिलांच्या स्वकष्टाचे, त्यामुळे माझ्याकडे आले ते माझे स्वतःचे, कोणालाही देता येते. म्हणून रस्त्याकडच्या दोन खोल्या, नळासकट, धोंडाबाईला पूर्ण मालकीने; राहण्यापुरत्या नव्हे. ती माझ्याआधी गेली तर तिच्या मुलीला. मागच्या तीन हनुमंतला. आपल्याकडे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, काढायलाच हवे असे नाही, तेव्हा त्याने कोर्टाची पायरी दाखवून आत्याला भिववू नये.

२. बँकेतली शिल्लक हनुमंतला. नॉमिनी तोच आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त उचलून वारसांना देणारा, हे मला परवा कळले. तीस वर्षे मास्तरांचे नॉमिनेशनचे फॉर्म मीच भरत होतो.

३. पत्र्याच्या पेटीतली मराठीची जुनी पाठ्यपुस्तके धोंडाबाईला. तिच्या नातीने त्यातल्या कविता तिला चालीवर म्हणून दाखवाव्यात. नुसत्या वाचू नयेत.

४. ज्या संस्थाचालकांनी माझी पहिली चार वर्षे हजेरीपटावर येऊ दिली नाहीत, आणि पेन्शनला ती कमी पडली, त्यांच्या घरचे कोणी माझ्या मातीला आले तर बसायला खुर्ची द्यावी. चहा देऊ नये.

५. सायकल शेजारी सुदामला द्यायची होती. पण तो साक्षीदार, आणि ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका, नंतर वाद होतो, असे वकीलबाईंचे म्हणणे. म्हणून त्याने ती आजच न्यावी.

"पंक्चर काढून दे मग," सुदाम म्हणतो. एसटीत कंडक्टर होता, सुट्टे मागितल्यासारखे बोलतो.

लिहून देणार: मल्लिनाथ गुरुपादप्पा निडवंचे
ठिकाण: उदगीर. दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
साक्षीदार पहिला: सुदाम लिंबाजी गायकवाड

साक्षीदार दुसरा: ही ओळ दोन तास कोरी आहे. माझा जुना मित्र गुरुबसप्पा सही करायला एकला येणार होता. आत्ता त्याचा फोन आला, "हनुमंतशी माझं रोजचं बोलणं हाय, मल्लिनाथ. मला यात पाडू नको." सुदाम गल्लीत दोन घरी जाऊन हात हलवत आला. तीन वाजले. मी दार ते न्हाणी, न्हाणी ते दार करतो आहे.

कडी वाजली. सुदामने कागद पेपरखाली सारला. दारात सून सत्यशीला, हातात पिशवी. ती भोकरला माहेरी गेली होती, रविवारी येणार होती.

"अगं, इतक्यात?"

"भावांनी साडी घेऊन ठेवली होती, मामा. म्हणले हक्कसोडावर सही कर. मी म्हणलं वाचून दाखवा. तर म्हणले वाचायचं काय त्यात. आले उठून." तिने आमच्याकडे पाहिले. "तुम्ही काय करून राहिलात?"

मी कागद दिला. तिने उभ्यानेच सगळा वाचला.

"पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन हाय."

"हो."

"ह्यांना राग येईल."

"येईल."

तिला मागची उजेडाची खोली तिच्या नावाने द्यावी म्हणून मी सहावे कलम लिहायला घेतले. तिने माझ्या हातातला पेन काढून घेतला. "राहू द्या. मला काही दिलं तर माझी सही चालायची न्हाई." वरची सही तिच्यादेखत झाली नव्हती, म्हणून ती माझीच, असे मी तिला साक्षीपुरते सांगितले.

साक्षीदार दुसरी: सत्यशीला हनुमंत निडवंचे, सून. या मृत्युपत्राने तिला काहीही मिळत नाही.