तीन नावांचं साल

बुन्ना पहिलं साल, दहावा महिना, दिवस नववा

सालाचं नाव पुन्हा बदललं! वर्ष उजाडलं तेव्हा दक्षिणेच्या सम्राटाचं शोहेइ सातवं लिहीत होतो. वसंतात उत्तरेच्या सम्राटाकडे गेलो — त्याचं कान्नो तिसरं. उन्हाळ्यात परत शोहेइ. आता पुन्हा उत्तर, आणि उत्तरेनेही नाव बदललेलं. ज्याचं साल लिहावं त्याचा माणूस. आधीची पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

म्हातारा गोन्रोकु चिलखताच्या दोऱ्या आवळताना म्हणाला, "धनी, यंदा नवं वर्ष किती वेळा उजाडणार?" बाकीचे हसले. मी हसलो नाही, रागावलोही नाही. कुठल्या तोंडाने रागावू?

धाकटा भाऊ तोकिसादा मात्र हलला नाही. समोरच्या हिनोओ गडावर दक्षिणेसाठी लढतोय. एक भाऊ इकडे, एक तिकडे — कोणीही जिंको, इवासेची दरी घरातच राहावी, असं वडिलांनी मरताना ठरवून दिलं होतं. त्याने जागा धरून ठेवली. मी कुठल्याच जागेवर राहिलो नाही.

दिवस तेरावा

पंचविसाव्या दिवशी हल्ला. त्याआधी जो खाली येईल त्याला अभय, असं सेनापतीचा कारभारी काझुरा म्हणाला.

तोकीला पत्र लिहिलं. अकरा ओळी. उत्तरेचं साल दिसलं की तो न वाचता चुलीत घालतो, म्हणून शोहेइ सातवं लिहिलं. अक्षर नीट आलं. कोणी न शिकवता, पोथीच्या फाटक्या पानांवरून अक्षर शिकलोय मी. तोकीला मीच शिकवलं. त्याची रेघ नेहमी तिरकी.

दिवस सोळावा

पत्र चौकीवर पकडलं गेलं.

काझुराने ते सगळ्यांसमोर उलगडलं. "कुरोसेसाहेब, छावणीत बुन्ना आणि पत्रात शोहेइ? तुमच्या घरी दोन चुली आहेत वाटतं!" मग आवाज उतरवून, "गडाच्या मागची कपार तुम्हाला ठाऊक आहे म्हणे. पंचविसाव्याची वाट कशाला? उद्या पहाटे पुढे व्हा. नाहीतर दरी दुसऱ्याला देतो."

मी हो म्हणालो.

लगेच म्हणालो. हे लिहून ठेवतो — विचार करायला एक श्वासही घेतला नाही.

दिवस सतरावा

सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच कपारीतून सहा वर्षांच्या तोकीला पाठीवर घेऊन वर चढलो होतो. आज पाठीवर भाता होता.

गड पडला.

दिवस अठरावा

पडलेल्यांची कापलेली शिरं धुतली, केस विंचरले, नावाच्या चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. एका शिराची ओळख पटेना, म्हणून मला बोलावलं. उजव्या भुवईवर तीन जवांएवढा व्रण — पर्सिमनच्या झाडावरून पडला होता, पिकलेली फळं चोरताना.

काझुराने विचारलं, "कोण?"

"कुरोसे तोकिसादा. माझा भाऊ."

 

मग कामगिरीचा अर्ज लिहिला, रीतीप्रमाणे. मागच्या वाटेने सर्वांत आधी प्रवेश. माझे दोन जण ठार, चार जखमी. गोन्रोकुच्या डाव्या मांडीत बाण, खोली दोन बोटं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. सेनापतीने खाली 'पाहिलं' असं लिहून सही केली. लेखनिक म्हणाला, "अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं!"

बरं वाटलं मला. क्षणभर — पण वाटलं.

दिवस विसावा

गोन्रोकु लंगडत आला. तोकीच्या चिलखताच्या अस्तरात सापडलेला कागद पुढे धरला आणि बाहेर गेला.

सात ओळी, तिरक्या. सोळाव्या दिवशी लिहिलेल्या. "दादा, दमलो रे. विसाव्या दिवशी खाली येतो. चौकीवर तू स्वतः थांब, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

शेवटी साल — बुन्ना पहिलं.

गडावर त्याने ते नाव कोणाला विचारलं असेल!