गेलेल्या हाताची जागा

आमच्या राणीसरकारांस,

अक्षर पाहून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. दोन महिने फोनवर "ओव्हरटाइम आहे" म्हणत घरी यायचं टाळलं. कारखान्यात प्रेसखाली माझा उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरलीय, जेवणखाण नीट आहे, पण एका जागी बसवत नाही.

कारण तो गेलेला हात काही गप्प बसत नाही. बोटांना खाज सुटते आणि खाजवायला बोटंच नाहीत! परवा दाढी करताना वस्तरा उजव्या गालावर फिरला आणि जाणवला त्या गेलेल्या अंगठ्याला. वेड लागलं की काय, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे धावलो.

त्या म्हणाल्या, "घाबरू नका. मेंदूत हाताची जागा चेहऱ्याच्या जागेला लागून असते. हाताकडून निरोप येईनात, म्हणून शेजाऱ्याने तिथे पाय पसरलेत."

बाबांचा खोकला कसा आहे? तू रागावलीस का?

पंधरा दिवसांत येतोय. आपल्या धाकट्या लेकीला तूच सांग, माझ्याने होणार नाही. ती बोट धरायला धावेल, तेव्हा तिला उचल आणि तिचा हात माझ्या उजव्या गालावर ठेव. माझ्या बोटांना कळेल.

जसा आहे तसा, तुझाच