कावळ्याला दिलेला शब्द

दत्तगुरूंचे स्मरण करून हे लिहून ठेवते ती मी, रत्नप्रभा काशीराम मेस्त्री, वय वर्षे अठ्ठावन्न, मॅट्रिक पास, व्यवसाय घर सांभाळणे, राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई. रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही, असे माझे धाकटे दीर दशरथ यांनी मला ऐकवले आहे. म्हणून आधीच स्पष्ट करते की मी रागात आहे, भरात नाही. राग जुना आहे, मुरलेला आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी खाली लिहून दिल्याप्रमाणे माझे डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. सांगणारे पुष्कळ होते.

कलम १. मी राहते ते कौलारू घर व मागची मोरी-न्हाणी ही माझ्या यजमानांनी शेजारीण ग्रेस परेरा हिच्या सासऱ्यांकडून माझ्या नावाने विकत घेतली. हे घर माझी एकुलती मुलगी अनुपमा श्यामसुंदर धुरी, राहणार मुलुंड, हिला मिळावे. घराच्या पुढची, रस्त्याला लागून असलेली पट्टी यात धरू नये. तिचे मी खाली वेगळे लिहिले आहे.

कलम २. पोस्टातले पैसे, पाटल्या आणि देव्हाऱ्यातले देव अनुपमाला. उंबराखालच्या दत्ताच्या पादुका मात्र जागच्या हलवू नयेत. माझा वातीचा स्टोव्ह ज्याला लागेल त्याने न्यावा. भात अर्धा शिजला की खाली उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचा, तो आपोआप शिजतो. इंधन वाचवण्याची ही रीत मला कोणी परिषद भरवून शिकवली नाही आणि तिच्यासाठी मी प्रवासभत्ताही घेतला नाही.

कलम ३. यजमानांच्या कानशी, पाने, हातोड्या आणि लाकडी पेटी सहदेवला द्यावी. साकीनाक्याच्या वर्कशॉपात तो त्यांच्या शेजारच्या लेथवर होता. त्या संध्याकाळी यजमानांना रस्त्यावरून त्यानेच उचलले आणि मला सांगायलाही तोच आला. पेटी उघडल्यावर आत यजमानांचा चष्मा सापडेल. तो त्याने ठेवून घ्यावा.

कलम ४. पडवीत भिंतीला टांगलेली, पुढचे चाक वाकलेली सायकल मी दीर दशरथ यांना देते. माझ्या मिळकतीतून त्यांना एवढेच. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर वहिनी विसरली असे ते सर्वांना सांगत फिरतील.

दशरथ चौथीत असताना गावाहून आमच्याकडे शिकायला आला. त्याच्या हाफपँटींना ठिगळे मी लावली, म्हणून यापुढे त्याला अहोजाहो करीत नाही. पुढे तो इंजिनियर झाला व सरकारी कचेरीत वाहतुकीच्या योजना करू लागला. त्या कचेरीचे नाव मी घालत नाही. भांडण माझे दिराशी आहे.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल कडाडले तेव्हा तो घरी येऊन रोज प्रवचन देई. "दादा, तेल परक्यांच्या जमिनीत आहे. उद्या मिळणार नाही. स्कूटर विकून टाक. सायकल हेच उद्याचं वाहन आहे." मी म्हटले, "त्या रस्त्यावर लॉऱ्या कशा येतात ते बघितलंयस का तू?" तर म्हणाला, "वहिनी, सायकलवाल्यांसाठी वेगळी पट्टी होतेय. मी स्वतः नकाशात आखलीय." यजमान मला म्हणाले, "तो शिकलेलो आसा, त्याचा ऐकाक व्हया." स्कूटर विकली. सायकल दशरथनेच पसंत करून आणली. आणताना तिला हार घातला होता.

पट्टी नकाशावर होती, ती नकाशावरच राहिली. मध्यंतरी दशरथ परदेशी जाऊन आला. आल्यावर म्हणू लागला की सायकली मध्ये आल्याने मोटारींचा वेग मंदावतो, मोठ्या शहराला हे परवडत नाही. पट्टी कोणी खोडली असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "खोडली नाही गं, धोरण बदललं." त्याचे धोरण बदलले, पण यजमानांची सायकल बदलली नाही. एकोणऐंशी साली लॉरीने त्यांना त्याच रस्त्यावर मागून धडक दिली. ही सायकल दशरथने आपल्या दिवाणखान्यात लावावी. जागा नसेल तर आपल्या नव्या मारुती गाडीच्या टपावर.

कलम ५. आता पट्टी. रस्त्याला लागून असलेली, विहीर व उंबरासह. हा उंबर विहिरीच्या कठड्यात आपोआप उगवला होता. यजमानांनी तो उपटू दिला नाही, मुळासकट सोडवून बाजूला लावला. कामावरून आले की सायकल त्याला टेकवून पादुकांना नमस्कार करीत, मग घरात. माझ्यापेक्षा आधी उंबराची चौकशी होई.

त्यांच्या दहाव्याला पवईच्या तलावाकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही येत नव्हता. अनुपमाचे लग्न चांगल्या घरी लावू, असे एकाने बोलून पाहिले. वहिनीला अंतर देणार नाही, असे दुसऱ्याने. ऊन डोक्यावर आले. शेवटी दशरथ पुढे झाला, हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाला, "दादा, मी असेपर्यंत तुझ्या उंबराला कोणी हात लावणार नाही." लगेच कावळा उतरला आणि भात घेऊन गेला. त्या दिवशी मी दशरथला माफ केले होते. तेवढ्यावर आठ वर्षे त्याला दारात उभे केले, फराळ दिला.

या दिवाळीत तो फराळाला आला तो कागद घेऊन. रस्ता रुंद करायचा आहे, पुढची पट्टी राजीखुशीने द्यावी, म्हणजे मागे चार मजले जास्त बांधायला मिळतात, त्याच्या ओळखीचा बिल्डर तयार आहे. या पट्टी सोडण्याला त्यांच्यात सेटबॅक म्हणतात. मी मॅट्रिकला इंग्रजी घेऊन पास झाले आहे. सेटबॅक म्हणजे पीछेहाट. कोणाची, ते त्याने सांगितले नाही.

"आणि उंबर?" मी विचारले.

"वहिनी, नीट समजून घे. रस्ता अरुंद असला की गाड्या खोळंबतात. गाडी उभी राहिली की तेल फुकट जळतं आणि धूर तुझ्याच नाकात जातो. रस्ता रुंद झाला की तेल वाचेल, धूर कमी होईल. हे पर्यावरणाचंच काम आहे."

पर्यावरण हा शब्द त्याने नवीन आणला आहे. मारुतीतून उतरताना सोबत असतो.

मी म्हटले, "तेल वाचवायला तुझा भाऊ सायकलवर बसला. आता तेल वाचवायला त्याचं झाड तोडायचं. एवढ्यात तेल वाचलं कधी रे?"

"तू प्रत्येक गोष्ट दादावर नेतेस."

"दहाव्याला काय बोलला होतास ते आठवतं का?"

त्याने चकली मोडली, अर्धी तोंडात टाकली. "वहिनी, तो कावळा होता, रजिस्ट्रार नव्हता. त्याला भूक लागली होती."

मी फराळाचे ताट उचलून आत नेले. त्यानंतर तो या घरात आलेला नाही, आणि मी असेपर्यंत येणार नाही. नंतर नक्की येईल. अनुपमाला आणि जावयांना फ्लॅटचे गाजर दाखवील. जावई सज्जन आहेत, पण गाजर त्यांना आवडते.

म्हणून ही पट्टी, विहीर व उंबर मी अनुपमा आणि शेजारीण ग्रेस परेरा या दोघींना मिळून देते. दोघींच्या सह्या असल्याशिवाय ती कोणालाही विकता, सोडता वा बदलून देता येऊ नये. ग्रेसला मी विचारले आहे. ती म्हणाली, "रत्ना, माझ्या सासऱ्यांनी एकदाच सही केली, ती तुमच्यासाठी. त्यानंतर आमच्या घरात कोणी पेन उचललेलं नाय. मी काय उचलते?" ती उंबराच्या पादुकांसमोरून जाताना क्रूस करते. तेवढे मला पुरे.

सरकारला हवीच असेल तर सरकारने नोटीस देऊन, कायद्याने, जबरदस्तीने घ्यावी. ते मला थांबवता येणार नाही, हे मला कळते. पण आमच्याच घरच्या माणसाने फराळ खाता खाता सही मागून ती नेऊ नये. कुऱ्हाड कोणाची ते उंबराला कळले पाहिजे.

कलम ६. माझे दिवस अनुपमाने करावेत. मुलीने करू नये असे भटजी म्हणाले तर दुसरे भटजी पाहावेत, दशरथला बोलावू नये. तो आपण होऊन आला तर हाकलू नये, चहा द्यावा, पण उभा करावा तो मागे.

पिंड पवईला नेऊ नये, आमच्या उंबराखालीच ठेवावा. तिथे कावळ्यांची घरटी आहेत, ते मला ओळखतात. शिवला तर उत्तम. न शिवल्यास अनुपमाने घाबरून कोणाला काही बोलायला सांगू नये. दशरथ हात जोडून पुढे येऊ लागलाच तर सहदेवने त्याला धरून ठेवावे. त्याचा शब्द घेऊन मला वर जायचे नाही. एकदा यजमान गेले, त्यांची फसगत झाली, तेवढी बस.

भटजींना सांगून दर्भाचा कावळा करावा आणि तोच पिंडाला लावावा. गवताचा का होईना. त्याला भूक लागली होती, असे तरी नंतर कोणाला म्हणता येणार नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि एकही शब्द खोडलेला नाही.

सही: रत्नप्रभा काशीराम मेस्त्री

साक्षीदार:
१. डॉ. सुलक्षणा वागळे, मरोळ. बाईंना तपासले. शुद्धीवर आहेत, स्मरणशक्ती उत्तम आहे.
२. दत्ताराम घाडी, शेजारी. माझ्यादेखत सही केली. दहाव्याच्या दिवशी पवईला मीही हजर होतो व दशरथ बोलले ते ऐकले आहे.

ठिकाण: मरोळ, अंधेरी पूर्व
गुरुवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९८७