मामा आणि पाचवं बल

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, खोकला गेला का, आणि सूनबाई चहात साखर कमी घालतात ही तक्रार अजून चालू आहे का, ते कळवावं. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. माझं बरं आहे. म्हणजे ताप नाही. बाकी बरं म्हणण्यासारखं काही घडलेलं नाही.

आमच्या संस्थेच्या तळघरात बसून मी काय शोधतो, असं तुम्ही आल्या आल्याच विचारलं होतं. वस्तू एकमेकींना ओढतात ते गुरुत्वाकर्षण, विजेचं-चुंबकाचं मिळून एक आणि अणूच्या पोटातली दोन, अशा चार बलांवर जगाचं आजवर भागलं आहे. आमच्यासारख्यांना मात्र पाचव्याची आस. असलंच तर ते इतकं अशक्त, की त्याच्यापुढे मुंगीचा धक्का म्हणजे दांडगाई. (तुम्ही म्हणालात, "एवढं अशक्त आहे तर बिचाऱ्याला त्रास कशाला देतोस?" मी हसलोसुद्धा नाही. हसायला हवं होतं.) त्यासाठी केसाहून बारीक तारेला दोन गोळे टांगायचे, खोलीबाहेर पडायचं आणि तार किती पिळते ते शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर बघायचं. आत माणूस थांबला तर त्याचंच वजन गोळ्यांना ओढतं, म्हणून नियम कडक. लिफ्ट, गच्चीवरची टाकी, संचालकांची गाडी, सगळ्यांची ओढ आम्ही आधीच वजा केली होती.

आणि तुम्ही राहायला आलात त्याच आठवड्यात तार पिळू लागली. रोज, पण जेवणानंतरच. रविवारी नाही. तुम्हाला सर्दी झाली होती त्या दिवसांतही नाही. एखाद्याला यात काहीतरी दिसलं असतं. मी शिकलेला असल्यामुळे सूर्याच्या दिशेशी संबंध जोडून मोकळा झालो. (रविवारचं कोडं आमच्या सहकाऱ्याने एका लांबलचक समीकरणाने सोडवलं.) मग शोधनिबंधाची घाई. घरात शांतता हवी, म्हणून मी तुम्हाला मुलाकडे जायचं सुचवलं. सुचवलं कसलं, तिकीटच हातात ठेवलं. मामी गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदाच कुठेतरी रमला होतात, हे मला दिसत होतं. तरी ठेवलं.

तुम्ही गेलात आणि मागोमाग पाचवं बलही गेलं. आम्ही तार बदलली, गोळे पुसले, एकमेकांवर खेकसलो. शेवटी एका दुपारी करमेना, म्हणून तळघराच्या व्हरांड्यातल्या तुमच्या खुर्चीत जाऊन बसलो. माझा डबा घेऊन यायचात आणि संध्याकाळी बरोबर घरी जाऊ म्हणून तिथेच पेंगत बसायचात, तीच खुर्ची. भिंतीला टेकलेली. भिंतीपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, गोळे. उठून पडद्याकडे गेलो तर तार पिळल्याची खूण. तुमच्यापेक्षा निम्मी. (मी तुमच्या निम्माच आहे.) बाहेरच्या सगळ्यांची ओढ आम्ही हिशेबात धरली होती, घरच्या माणसाची धरायचं कुणाला सुचलं नाही. निबंध मागे घेतला. संचालक रागावले नाहीत. फक्त मी दिसलो की लिफ्ट सोडून जिन्याने जातात.

मामा, मला फार वाईट वाटतं. निबंधाचंही वाटतं, पण तुम्ही पिशवी उचलताना "बरं, येतो" एवढंच म्हणालात, त्याचं जास्त वाटतं.

सर्वांना यथायोग्य नमस्कार सांगावेत.

तुमचा,
निम्म्या वजनाचा भाचा

ता. क. चूक रीतसर सिद्ध करायची तर तुमचं वजन लागेल. खरं कळवावं, डॉक्टरांना सांगता ते नको. शिवाय तुम्ही स्वतः येऊन चार दिवस त्या खुर्चीत बसणं विज्ञानाच्या दृष्टीने अत्यंत गरजेचं आहे.

आणखी एक ता. क. वरचं खरं नाही. प्रयोग परवाच बंद झाला, गोळे पेटीत गेले. तुमच्या येण्यावाचून विज्ञानाचं काही अडलेलं नाही. माझं अडलंय. या.