काकूंसोबत ओकलंडला

शनिवार, ऑक्टोबर २००६

गांजाचं दुकान, आणि भिंतीवर शहराचं लायसन्स फ्रेम करून लावलेलं! अजून खरं वाटत नाही. केमोनंतर शेजारच्या लिमयेकाकूंच्या पोटात पाणीही ठरत नाही, म्हणून डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली. कॅलिफोर्नियात औषध म्हणून चालतं, त्यांची केअरगिव्हर म्हणून मीही गांजा विकत घेण्याचं कार्ड काढलं खरं, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याने हा गुन्हाच. माझा एच-वन व्हिसा गेला तर?

दारावरच्या गार्डने दोघींची कार्डं तपासली आणि काकूंना हात देऊन आत नेलं. काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर लेबल, अगदी औषधांच्या दुकानासारखं. माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा त्या लायसन्सकडे. एका सरकारने परवानगी द्यायची, दुसऱ्याने पकडायचं, आणि मध्ये ही आजारी माणसं किती शांतपणे रांगेत उभी!

"नाशिकला गांजा ओढणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हते गं मी," काकू हसून म्हणाल्या.

घरी येऊन तिथलं गांजा घातलेलं अर्धं बिस्किट खाल्लं त्यांनी. संध्याकाळी चक्क वरणभात मागितला. दोन घास खाऊन म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

काकूंना चव लागली! मीठ आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच रडत उभी राहिले.